विझलेली नोट

भोसरीच्या एमआयडीसीत सतरा वर्षं वेल्डिंग करतोय,
उजेडाचं मला कुणी शिकवू नये.
उजेड चावतो तेव्हा कळत नाही.
रात्री दोनला पापणीखाली वाळू भरते
आणि प्रणाली अंधारातच
बटाट्याच्या चकत्या कापायला बसते.

आमची शर्वरी आठ महिन्यांची.
शर्वरी म्हणजे रात्र, अंगणवाडीच्या बाईंनी सांगितलं,
आम्ही तर नुसतं ऐकायला गोड म्हणून ठेवलेलं.
दिघीहून रोज सकाळी स्कूटरवर,
आईच्या छातीला बांधलेली, मावशीकडे.
एप्रिल लागला तशी डोळे आवळून बसायला लागली.
टोपी घातली की वाऱ्याला देऊन टाकायची.

तुळशीबागेत चाळीस रुपयांत गॉगल मिळाला,
गुलाबी, कोपऱ्यात फुलपाखरू, काच काळीकुट्ट.
चार दिवस घातला तिला.
पाचव्या दिवशी मी फुलपाखराला नख लावलं,
टुणकन निघून आलं,
नेमकं तिच्या घशाच्या मापाचं.

मग रविवारी दोन बस बदलून बाजीराव रोडला,
अत्तरदे बाईंचं चष्म्याचं दुकान.
बाईंनी आमचा गॉगल उलटापालटा केला,
खणातून पेनाएवढी बॅटरी काढली.
"पाचशेची नोट आहे का?"
मला वाटलं, तपासायचे पैसे.
त्यांनी दुकानातला दिवा मालवला.
जांभळ्या उजेडात नोटेतले धागे पेटले,
आकडे पेटले, जत्रेसारखे.
मध्ये आमची काळी काच धरली,
धागे तसेच पेटलेले.
मग दुसरी धरली, फिकट, चहाच्या रंगाची,
जिच्यातून सगळं दुकान आरपार दिसत होतं,
आणि नोट विझली.

"अंधाऱ्या काचेमागं बाहुली मोठी होते," बाई म्हणाल्या,
"दार सताड उघडं,
आणि राखणदार झोपलेला."
ते चार दिवस
मी मनात मोजत उभा राहिलो.

मग मापं.
"हिला नाक कुठंय अजून?" बाई हसल्या.
खरंच, चष्मा टेकायला जागाच नाही,
मधे नुसता एक उतार.
पहिला घसरून ओठावर आला.
दुसऱ्याला पापण्या घासत होत्या.
तिसऱ्याची काडी तिनं चावून पाहिली,
रबराची निघाली, वाकली, परत सरळ झाली.
"स्क्रू नाही, काच फुटणारी नाही.
मागचा पट्टा एवढाच, एक बोट जाईल इतका.
पाच मिनिटांनी काढून बघा,
कानामागं लाल वळ उठला तर माझ्याकडे या.
आणि चष्मा घातला म्हणून उन्हात ठेवू नका,
सावली ती सावली."
शर्वरीनं मान फिरवून सगळ्यांकडे पाहिलं,
बदली होऊन आलेल्या फौजदारासारखं.

साडेआठशे.
तीच विझलेली नोट दिली,
उरलेले प्रणालीनं पर्समधून, सुट्टे.
"आणि तुमचं काय?" बाई माझ्या डोळ्यांकडे बघत होत्या.
शिल्डची काच तडकलीय, मी म्हणालो, दिवाळीपासून.
बाई काही बोलल्या नाहीत.
पट्टा कमीजास्त कसा करायचा
तेच परत दाखवत राहिल्या.

बसमध्ये तिनं चष्मा अकरा वेळा काढला.
अकरा वेळा घातला.
विश्रांतवाडीला दमली आणि घालूनच झोपली,
मग झोपलेलीचा आम्हीच काढला.
खिडकीकडे मी बसलो.

सोमवारी कंपनीच्या अलीकडे हार्डवेअरवाल्याकडे थांबलो.
अकरा नंबरची काच द्या.
"चाळीस," तो म्हणाला.
त्याच्या गल्ल्यावरच्या बल्बसमोर काच धरून पाहिली.
एवढा मोठा बल्ब,
काचेत हिरवा ठिपका होऊन बसला,
शर्वरीच्या नाकाएवढा.